बाळ तीन महिन्यांचं झालंय: तांबी, अंतरा की छाया?

अंगावर पाजतेय, पुढचं मूल एवढ्यात नको, आणि सरकारी दवाखान्यात तांबी (कॉपर-टी), अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात, मग घ्यायचं काय? माझं मत आधीच सांगते, हिमोग्लोबिन (एचबी) बरं असेल आणि दोन-तीन वर्षांची गॅप हवी असेल तर तांबी. बाकीच्या दोन्ही चांगल्याच आहेत, फक्त कोणाला कधी हे बघावं लागतं.

तांबीत हार्मोन अजिबात नसतं, तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात, त्यामुळे दुधावर काही परिणाम नाही. ३८०ए वाली १० वर्षं चालते, ३७५ वाली ५ वर्षं, पण तेवढी ठेवलीच पाहिजे असं नाही, मूल हवं वाटलं की काढायची, पुढच्या महिन्यातसुद्धा दिवस राहू शकतात. त्रास आहे तो पाळीचा, पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जातं आणि कळा येतात. बाळंतपणात आधीच खूप रक्त गेलंय, एचबी ८ वर आलंय अशा बाईने हा त्रास कशाला ओढवून घ्यायचा, तिच्यासाठी मी अंतराच म्हणेन. आणि "तांबी वर चढते" असं सासूबाई सांगतात ना, गर्भाशयाला भोक पडून बाहेर जाणं हे फार क्वचित, हजारात एखादीला होतं, म्हणून बसवणारा हात सरावाचा हवा.

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येतं, दूध कमी होत नाही. घरात कोणाला सांगायचं नसेल तर हे सगळ्यात सोयीचं, आणि खूप जणींना याच कारणासाठी हवं असतं. सुरुवातीला डाग लागत राहतात, नंतर बऱ्याच जणींची पाळी बंदच होते, तेव्हा घाबरायचं नाही, ते रक्त आत कुठे साठत नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. मोठी अडचण अशी की बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने जातात, म्हणून वर्षभरातच दुसरं मूल हवंय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बीपी खूप जास्त असेल किंवा ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तरी नको.

छाया ही लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी, यातही हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा (रविवारी पहिली घेतली तर दुसरी बुधवारी), चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. सोपं वाटतं पण रोजची गोळी नाही म्हणूनच विसरते, मोबाईलला अलार्म लावाच. चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पाळी येईपर्यंत कंडोम, सात दिवसांच्या वर गेले तर पुन्हा आठवड्यातून दोनदा पासून सुरू. पाळी थोडी लांबते. पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) असेल किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर ही घेऊ नका.

माला-एन ही रोजची गोळी मात्र पाजत असाल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नकोच, त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन आहे, दूध कमी होऊ शकतं.

जायच्या आधी एचबीचा रिपोर्ट सोबत घ्या, बीपी तिथे मोजून घ्या, आणि तांबी बसवलीत तर महिना-दीड महिन्याने दाखवायला नक्की जा, सुरुवातीच्या महिन्यांतच ती सरकायची किंवा पडायची शक्यता जास्त असते.