4 जुलैची हाताने केलेली तोरणं: मेमोरियल डे ते लेबर डे वापरल्यावर

अमेरिकेत लाल-पांढऱ्या-निळ्या सजावटीचा मोसम मेअखेरच्या मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. 4 जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या पार्टीसाठी केलेलं तोरण पोर्चवर तसंच राहतं, म्हणजे त्याला तीन महिने ऊन, पाऊस आणि वारा सोसावा लागतो. इथे तीन प्रकार वापरले: सुती पट्ट्यांचं, जाड कागदी चांदण्यांचं आणि फेल्टच्या (न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या) चांदण्यांचं. बाहेर टांगायचं असेल तर डोळे झाकून सुती पट्ट्यांचं करा.

त्याचं माप असं. रजईसाठी मिळतं तसलं 42 ते 44 इंच पन्ह्याचं सुती कापड, तिन्ही रंगांत प्रत्येकी 12 इंच लांबीचं. 1 इंच रुंद आणि 8 इंच लांब पट्ट्या काढल्या की प्रत्येक रंगाच्या 60, एकूण 180 होतात. गाठीला साधारण अर्धा इंच जागा लागते, त्यामुळे यातून साडेसात फुटांचं दाट तोरण निघतं. बांधायला दोन्ही टोकांना फूट-सव्वा फूट दोरी मोकळी ठेवायची. कापड कापण्यापेक्षा फाडलेलं बरं: किनारीवर दर इंचाला छोटा काप द्यायचा आणि सरळ ओढायचं, धाग्याच्या रेषेत पट्टी निघते. दशा सुटतात, पण त्या शोभतात. लोंबणारे लांब धागे मात्र तेवढे कापून टाका, नाहीतर वाऱ्याने एकमेकांत गुंततात.

खरी परीक्षा लाल रंगाची. गडद लाल कापड न धुता वापरलं तर पहिल्या जोरदार पावसात शेजारची पांढरी पट्टी गुलाबी होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल कापड चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर फडकं स्वच्छ निघेपर्यंत थंड पाण्यात वेगळं धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने आजच्या रंगांवर काही फरक पडत नाही, त्यात वेळ घालवू नका. उन्हातही लालच आधी विटतो. दक्षिणेकडच्या कठड्यावरचं तोरण ऑगस्टपर्यंत विटकरी दिसू लागलं, तर उत्तरेकडच्या दाराच्या चौकटीवरचं जवळपास नव्यासारखं राहिलं. मध्ये एकदा तोरण उलटं फिरवून टांगलं तर दोन्ही बाजू सारख्या विटतात आणि ते कमी जाणवतं.

दोरीकडे लोक दुर्लक्ष करतात. तागाची सुतळी दिसायला छान, तिच्या खरबरीतपणामुळे साधी एकेरी गाठसुद्धा सरकत नाही. पण पावसात ती पाणी धरते, सैल पडते आणि सावलीत टांगली असेल तर तिला कुबट वास येतो. विणलेली पॉलिएस्टरची दोरी कुजत नाही, ताणतही नाही. फक्त ती गुळगुळीत असल्याने एकेरी गाठी वाऱ्याने घसरून मधल्या झोळात गोळा होतात. त्यावर उपाय म्हणजे दर दहावी-बारावी पट्टी दुहेरी गाठीने घट्ट आवळायची. बाहेर पॉलिएस्टर, घरात सुतळी, हा हिशेब आम्हाला पटला.

झोळाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दोन खांबांत 6 फूट अंतर असेल आणि तोरण साडेसहा फूट घेतलं, तर मध्ये फूटभराहून थोडा जास्त झोळ पडतो. 7 फूट घेतलं की तोच दीड फूट होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतो.

कागदी चांदण्या शिवणयंत्रावर लवकर होतात. 216 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 216 ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद घ्या, टाका 4 मिमीचा ठेवा. बारीक टाक्याने कागदाला भोकांची रांग पडते आणि चांदणी तिथेच फाटते. याच कारणाने उलटा टाकाही मारायचा नाही, टोकांना दोरे हाताने गाठायचे. दोन चांदण्या एकावर एक ठेवून मधोमध शिवल्या आणि पाकळ्या उघडल्या की फुगीर चांदणी होते. जेवणाच्या टेबलामागे ही माळ सर्वांत सुंदर दिसते. दमट हवेत मात्र टोकं वळतात, त्यामुळे ती बाहेर एका दिवसापुरतीच. फेल्टला दशा सुटत नाहीत, पण स्वस्त अॅक्रिलिक फेल्टवर महिन्याभरात बोंडं येतात.

काही पथ्यं पाळा. तोरणासाठी झेंडा कापू नका. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत सजावटीसाठी झेंडा न वापरता निळ्या-पांढऱ्या-लाल कापडाची झालर वापरावी आणि त्यात निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली असावा असं म्हटलं आहे. आणि फुलबाज्या दुसऱ्या टोकाला, अंगणात उडवा: त्यांची ठिणगी सुमारे 1,100 अंश सेल्सिअसपर्यंत जाते, वाळलेली सुतळी आणि कागद पेटायला क्षण लागत नाही. बार्बेक्यूवरही तोरण नको.

मराठी घरांसाठी एक सोय आहे. 15 ऑगस्ट याच मोसमात येतो. पांढऱ्या पट्ट्या दोरीवर तशाच ठेवून लाल-निळ्या सोडल्या आणि केशरी-हिरव्या बांधल्या की तेच तोरण चालतं. त्यासाठी लाल-निळ्या पट्ट्यांना एकेरी गाठच द्या, दुहेरी गाठी फक्त पांढऱ्यांना.

उतरवल्यावर दोन दिवस घरात पूर्ण वाळवा, पुठ्ठ्यावर गुंडाळा, पुठ्ठ्यावर लांबी लिहा आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर राहिलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते धुऊनही पूर्ण जात नाहीत.