पहिला करार संपत आलाय: त्याच क्लबात राहावं की घरी परतावं?

अठरा वर्षांच्या मुलाला एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणता क्लब उचलेल, हे त्याच्या हातात नसतं. आयपीएलच्या लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, तसंच. फरक एवढाच की इथे बोली लागत नाही. गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या क्लबाची निवड आधी येते. त्यामुळे देशातला सर्वांत गुणी मुलगा बहुतेक वेळा सर्वांत अडचणीतल्या क्लबात जाऊन पडतो, आणि तो क्लब कित्येकदा घरापासून हजार-दोन हजार किलोमीटरवर असतो.

मुलाच्या हातातला खरा निर्णय येतो दोन-तीन वर्षांनी, पहिला करार संपत आला की. तोवर त्याला शहर कळलेलं असतं, कोचचा स्वभाव कळलेला असतो, आणि एजंटच्या फोनवर दुसऱ्या क्लबांचे निरोप यायला लागलेले असतात. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या भागांत आता आपली माणसं बरीच आहेत. तिथली मुलं शाळेत क्रिकेटबरोबर फुटीही (हाच ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळतात, आणि त्या भागातून निवडलेल्या मुलांचा वेस्टर्न जेट्स हा संघ अठरा वर्षांखालच्या टॅलेंट लीगमध्ये उतरतो. एखाद्या घरावर हा निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर ड्राफ्टच्या क्रमांकावर आणि वर्तमानपत्री कौतुकावर तो होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी साधा हिशेब. एएफएलमध्ये १८ क्लब आहेत. प्रत्येकाच्या यादीत चाळीसच्या वर खेळाडू असतात, आणि सामन्याच्या दिवशी त्यांतले २३ लागतात. बाकीचे राखीव संघातून राज्य लीगमध्ये खेळतात: व्हिक्टोरियात व्हीएफएलमध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएएनएफएलमध्ये, पश्चिमेला डब्ल्यूएएफएलमध्ये. म्हणजे नव्या मुलाला करार मिळाला तरी दर आठवड्याला जवळपास निम्म्या यादीशी त्याची जागेसाठी झुंज चालूच असते. मुलाचं भवितव्य कसं आहे, असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतं, त्याचं वय काय आणि त्याचा करार किती वर्षांचा उरलाय, एवढं पाहतो. मुलाच्या गुणांकडे नंतर वळतो.

तळाचा क्लब: सामने लगेच मिळतात, पण आधार कुणाचा?

तळाच्या क्लबाची ओढ स्वाभाविक आहे. तिथे जागा रिकाम्या असतात आणि पहिल्याच वर्षी मोठ्या संघातून खेळायला मिळतं. पण हे लवकर मिळालेले सामने भल्याचे की बुऱ्याचे, ते मुलाच्या भोवती कोण खेळतंय यावर ठरतं.

जॅक वॉट्सचं उदाहरण मला अजून टोचतं. २००८ च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तो बारावीत शिकत होता. जून २००९ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या सामन्यात, एमसीजीच्या भरगच्च मैदानावर, कॉलिंगवूडसमोर त्याला उतरवलं. समोरच्या पोक्त खेळाडूंनी त्या कोवळ्या पोराला पहिल्या काही मिनिटांतच घेरून जमिनीवर लोळवलं, आणि ते चित्र वर्षानुवर्षं त्याच्या नावाला चिकटून राहिलं. मेलबर्नमधल्या नऊ मोसमांत त्याने हंगामी धरून सहा कोच पाहिले. दर नव्या कोचला तो वेगळ्या जागी हवा असायचा. त्याच क्लबाने पुढच्याच वर्षी पहिल्या दोन क्रमांकांवर टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह यांना घेतलं. स्कली दोन वर्षांत नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबाकडे निघून गेला. ट्रेंगोव्हला विशीतच सहकर्णधार केलं, आणि पुढे पायाच्या हाडाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. तीन मुलं, तिघांचाही ड्राफ्ट क्रमांक पहिला किंवा दुसरा. मुलांच्या गुणांत खोट होती असं मला वाटत नाही. क्लबाचंच घर विस्कटलेलं होतं.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये गोल्ड कोस्टने पहिल्या क्रमांकावर मॅट रॉवेल आणि दुसऱ्यावर नोआ अँडरसन यांना घेतलं. दोघं मेलबर्नचे, एकाच शाळेतले मित्र. क्लबही तळाचाच होता: २०११ पासून लीगमध्ये, आणि तोवर एकदाही अंतिम फेऱ्यांत नाही. २०२० मध्ये रॉवेलने सुरुवातीचे सामने असे खेळले की सगळा देश त्याच्याकडे बघायला लागला, आणि पाचव्या फेरीत त्याचा खांदा गेला. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला. त्या दोन वर्षांवरून कुणी त्याचं भवितव्य ठरवलं असतं तर? दोघंही तिथेच राहिले. २०२५ मध्ये अँडरसन कर्णधार झाला, गोल्ड कोस्टने पहिल्यांदा अंतिम फेऱ्या गाठल्या, आणि रॉवेलने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलं.

एकाच प्रकारच्या क्लबातून इतकी वेगळी फळं का आली? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे सोबत. ओळखीचा, एकाच वयाचा मित्र बरोबर असला की परक्या शहरातली संध्याकाळ अंगावर येत नाही. दुसरं म्हणजे त्यांच्या जागा बदलल्या गेल्या नाहीत. रॉवेल चेंडूवर तुटून पडणारा मिडफिल्डर म्हणून आला आणि तसाच वाढू दिला गेला.

मजबूत क्लब: शिकायला मिळतं, पण वाट पाहावी लागते

वरच्या क्लबांकडे निवड उशिरा येते, म्हणून तिथे गेलेल्या मुलाचं नाव गाजत नाही. जिलाँगने २०२० मध्ये विसाव्या क्रमांकावर मॅक्स होम्सला घेतलं. भोवती अनुभवी खेळाडूंची रांग, आणि क्लबाचा स्वतःचा व्हीएफएल संघ असल्यामुळे राखीव संघातला मुलगा वरच्या संघाचीच पद्धत शिकत असतो. २०२२ मध्ये क्लबाने विजेतेपद मिळवलं, पण उपांत्य सामन्यात स्नायू दुखावल्याने होम्स ग्रँड फायनलला मुकला. पुढे तो त्या संघाचा मुख्य मिडफिल्डर झाला. हा मार्ग मला साधारण मुलासाठी जास्त सुरक्षित वाटतो. साधारण म्हणजे गुणी, पण पहिल्या पाचांत न बसणारा.

इथे एक सावधगिरी. कॉलिंगवूडचा निक डेकॉस आणि ब्रिस्बेनचा विल अॅशक्रॉफ्ट यांचे दाखले देऊन मजबूत क्लबाची भलावण केली जाते. अॅशक्रॉफ्टने तर २०२४ आणि २०२५ या दोन्ही ग्रँड फायनलांत सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक घेतलं. पण हे दोघे वडील-मुलगा नियमाने आपापल्या क्लबात आले. ज्याच्या वडिलांनी त्या क्लबासाठी शंभर सामने खेळले, त्या मुलावर क्लबाचा पहिला हक्क असतो. स्थलांतरितांच्या घरातल्या मुलाला तो रस्ता नाही. त्यांच्यासाठी क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी आहेत, आणि मुलगा पंधरा-सोळाचा असतानाच तिथे चौकशी करावी.

मजबूत क्लबाचा तोटाही खरा आहे. तिसऱ्या वर्षीही मुलगा राखीव संघातच असेल, आणि त्याच्या जागी पंचविशीचा खेळाडू लांब करारावर असेल, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. त्या वेळी तळाच्या क्लबाचं बोलावणं कमी पैशांचं असलं तरी घ्यावं असं माझं मत आहे.

घरची ओढ

दक्षिण किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातली मुलं पहिला करार संपला की घरी परतण्याचा विचार करतातच. त्याला कुणी कमकुवतपणा म्हणू नये. अठराव्या वर्षी घर सोडून, दर आठवड्याला लोकांनी गुण द्यायचे आणि काढायचे अशा नोकरीत राहणं सोपं नसतं.

गोल्ड कोस्टने २०१८ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर दक्षिण ऑस्ट्रेलियाचे जॅक लुकोसियस आणि इझॅक रँकिन हे दोघे घेतले, सहाव्यावर व्हिक्टोरियाचा बेन किंग. रँकिन २०२२ च्या शेवटी ॲडलेडला परतला, आणि २०२५ मध्ये तो क्लब साखळी फेरीत पहिला आला तेव्हा त्याच्या आक्रमणातला महत्त्वाचा खेळाडू होता. लुकोसियस सहा मोसम थांबून पोर्ट ॲडलेडला गेला. किंग राहिला आणि संघाचा मुख्य गोल करणारा झाला. तिघांच्याही निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. रँकिनने चार मोसम दिले, स्वतःला सिद्ध केलं आणि मग निघाला. क्लबालाही त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीची निवड मिळाली.

जेसन हॉर्न-फ्रान्सिसचा मामला याहून अवघड. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर नॉर्थ मेलबर्नने घेतलेला हा ॲडलेडचा मुलगा करार शिल्लक असताना एका मोसमातच पोर्ट ॲडलेडला गेला. त्या २०२२ मध्ये नॉर्थने फक्त दोन सामने जिंकले आणि कोच डेव्हिड नोबल मोसमाच्या मध्यावर गेले. नॉर्थचे चाहते त्याच्यावर अजून चिडून आहेत. चाहत्यांचं दुःख मला समजतं. तरी मुलाच्या बाजूने पाहिलं तर कोच जातोय, संघ हरतोय, घर दूर आहे, अशा वेळी तीन वर्षं सहन करण्याची अपेक्षा आपण स्वतःच्या मुलाकडून केली असती का? पोर्टला जाऊन तो संघाचा आधार झाला. पण वर्षभरात निघालेल्या मुलावर जो राग बसतो, तो दर सामन्यात प्रेक्षकांच्या आरोळ्यांतून ऐकावा लागतो. तो झेलण्याची तयारी असेल तरच हा रस्ता.

टिम केलीने मधली वाट दाखवली. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हा खेळाडू २०१८ च्या शेवटी कुटुंबासाठी परत जायचं म्हणाला, जिलाँगने नकार दिला. त्याने तोंड वाकडं न करता २०१९ चा मोसम जीव तोडून खेळला, ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) निवडला गेला, आणि मग वेस्ट कोस्टला गेला. क्लबालाही भरपूर मोबदला मिळाला.

ड्राफ्टमध्ये नाव आलंच नाही तर

केलीची अर्धी गोष्ट इथे येते. तो ड्राफ्टमध्ये वर्षानुवर्षं डावलला गेला, साउथ फ्रीमँटलकडून डब्ल्यूएएफएल खेळत राहिला, आणि तेविसाव्या वर्षी जिलाँगने त्याला घेतलं. त्याच क्लबाचा टॉम स्टुअर्टही तेविशीतच आला आणि पाच वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. मोसमाच्या मध्यावरचा ड्राफ्ट २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा रिचमंडने साउथ फ्रीमँटलचाच २७ वर्षांचा मार्लियन पिकेट उचलला, आणि त्याने पहिला एएफएल सामना खेळला तो थेट ग्रँड फायनलमध्ये. १९५२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. रिचमंड जिंकलं.

ही नावं ठळक आहेत कारण ती थोडी आहेत. तरी राज्य लीगमध्ये दोन-तीन वर्षं खेळणं वाया जात नाही. तिथे शरीर प्रौढांच्या धक्क्यांना तयार होतं, शिक्षण किंवा नोकरी चालू राहते, आणि मुलगा घरच्या जेवणावर असतो. अठराव्या वर्षी रुकी यादीत (क्लबाच्या मुख्य यादीला जोडलेल्या नवख्यांच्या यादीत) एका वर्षाच्या करारावर दूर जायचं, की घरी राहून राज्य लीग खेळायची, असा प्रश्न आला तर मी रुकी यादी सुचवेन. व्यावसायिक क्लबातलं एक वर्ष शरीराला आणि खेळाला जे शिकवतं ते राज्य लीगमध्ये मिळत नाही. निक मॅक्सवेल रुकी यादीतूनच आला आणि २०१० मध्ये कर्णधार म्हणून कॉलिंगवूडला विजेतेपद मिळवून दिलं. मात्र परतल्यावर शिकायला कुठे प्रवेश घेणार, हे जाण्याआधीच ठरवून ठेवावं.

क्रिकेटही येत असेल तर? अॅलेक्स कीथने २००९ मध्ये गोल्ड कोस्टला नाही म्हणून व्हिक्टोरियाकडून क्रिकेट धरलं, मोजकेच प्रथम श्रेणी सामने मिळाले, आणि पुढे ॲडलेडच्या रुकी यादीतून फुटीत येऊन २०२१ ची ग्रँड फायनल वेस्टर्न बुलडॉग्जकडून खेळला. विल सदरलंडने क्रिकेट निवडलं आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियासाठी एकदिवसीय सामना खेळला. फुटी निवडणाऱ्याला उशिरा क्रिकेटकडे वळणं मात्र मला कठीण वाटतं; बॅटिंगची वर्षं परत येत नाहीत.

डोक्याची दुखापत

पालकांनी करारापेक्षाही आधी बोलायला हवं ते यावर. पॅडी मॅकार्टिन २०१४ चा पहिला निवडलेला खेळाडू. सेंट किल्डात डोक्याला वारंवार मार बसून त्याचं करिअर संपल्यासारखं झालं, सिडनीच्या राखीव संघातून तो परत आला, २०२२ ची ग्रँड फायनल भावाबरोबर खेळला, आणि पुन्हा मार बसल्यावर २०२३ मध्ये त्याला कायमचं थांबावं लागलं. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२४ मध्ये २८ व्या वर्षी याच कारणाने निवृत्त झाला. २०२१ पासून अशा दुखापतीनंतर किमान बारा दिवस सामना खेळता येत नाही. नव्या क्लबात जाण्याआधी तिथले डॉक्टर कोण, एखाद्या मुलाला त्यांनी बारा दिवसांपेक्षा जास्त थांबवलंय का, हे कोचला समोर बसून विचारा. उत्तर टाळलं गेलं तर पैसे कितीही असोत, मी मुलाला तिथे पाठवणार नाही.

आज सतरा वर्षांच्या असलेल्या मुलासाठी आणखी एक दार उघडतंय. टास्मानियाचा क्लब २०२८ मध्ये एकोणिसावा संघ म्हणून उतरायचा आहे, आणि त्याला अख्खी यादी नव्याने भरायची आहे. गोल्ड कोस्टने २०११ मध्ये अशीच तरुण पोरांची फौज उतरवली होती. पहिल्याच सामन्यात कार्लटनने त्यांना ११९ गुणांनी हरवलं, मोसमात तीनच विजय मिळाले, आणि डिऑन प्रेस्टिया, जेगर ओमिरा, टॉम लिंच असे चांगले खेळाडू पुढच्या काही वर्षांत दुसरीकडे गेले. प्रेस्टिया रिचमंडला जाऊन तीन विजेतेपदं जिंकला. होबार्टहून बोलावणं आलं तर जावं, पण यादीत तिशीतले पाच-सहा भक्कम खेळाडू घेतलेत का, ते आधी पाहावं. नुसत्या विशीतल्या मुलांचा संघ असेल तर पहिला करार दोनच वर्षांचा करा.