गणेशखिंडीत पीएच.डी.: विद्यापीठाचा विभाग की शेजारची संस्था?

पुण्यात विज्ञानात पीएच.डी. करायची म्हटली की दोन वाटा दिसतात. एक गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागातली, दुसरी राष्ट्रीय संस्थांची. आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) विद्यापीठाच्याच आवारात, एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाण रस्त्यावर. चहाला सगळे एकाच टपरीवर, कामाची तऱ्हा मात्र वेगळी.

खगोलशास्त्र हवं असेल तर फार डोकं खाजवू नका, संस्थाच घ्या. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, एनसीआरए चालवते. तिथला निरीक्षणाचा वेळ प्रस्ताव लिहून कुणालाही मागता येतो, विभागातल्यालाही. खरी गोची होते ती डेटा हातात पडल्यावर. त्यातला मोबाइल टॉवरचा गोंगाट कुठला आणि आकाशातला सिग्नल कुठला, हे सांगणारा माणूस शेजारच्या खोलीत असला की महिने वाचतात.

पदार्थविज्ञान, रसायनशास्त्रात मात्र गणित इतकं सोपं नाही. माझी पीएच.डी. दुसऱ्याच एका सरकारी विद्यापीठातली. एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणाऱ्या यंत्राची, ट्यूब गेली आणि नवी यायला साडेचार महिने लागले: तीन कोटेशनं, खरेदी समिती, मग मार्चअखेर. नमुने तोवर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, पडून. म्हणून सांगतो, विभाग बघायला जाल तेव्हा यंत्राचं नाव विचारू नका, शेजारची लॉगबुक चाळा. शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा.

पैशांचं म्हणाल, तर यूजीसी किंवा सीएसआयआरची जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) असेल तर दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. विभागात असा वा एनसीएलमध्ये, रक्कम तीच. फेलोशिप नसेल तर विभागात घरच्यांकडे हात पसरायची वेळ येऊ शकते. आयुका-एनसीआरएत निवड झाली की पाठ्यवेतन ठरलेलंच.

मग विभाग का घ्यावा? पुढे प्राध्यापकच व्हायचं असेल तर एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं घेण्याची सवय इथे लागते, ती संस्थेत सहसा लागत नाही. शिवाय भूशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र चालत जाण्याच्या अंतरावर.

गाइडचं नाव ऐकून मात्र हुरळून जाऊ नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी ८ पर्यंत विद्यार्थी असू शकतात, सहायक प्राध्यापकाकडे ४. मी असतो तर जेआरएफ खिशात ठेवून त्या चारवाल्याचं दार आधी ठोठावलं असतं, आणि आत त्याच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याला गाठून विचारलं असतं, सर शेवटचे प्रयोगशाळेत कधी आले होते?