पोहता न येणाऱ्या नागपूरकरानं सिडनीत कुठं डुंबायचं: ओशन पूलचा रिव्ह्यू (बीच अन् पार्क सोबत फ्री)

आधीच सांगते, मी नागपूरची. समुद्राशी आपलं नातं म्हणजे कोकण ट्रिपमध्ये साडी घोट्याच्या वर धरून लाटेत उभं राहायचं, फोटो काढायचा अन् परत बसमध्ये. आपलं पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी, तेही काठावरून, हातात भुट्टा घेऊन. यंदा लेकीकडे सिडनीला तीन महिने राहून आलो, फेब्रुवारी ते एप्रिल. लेक-जावई दिवसभर ऑफिसात, नातू शाळेत, मग आम्ही दोघं घरात बसून काय भिंती पाहणार, डबा बांधायचो अन् निघायचो. परत आल्यापासून कॉलनीतल्या चौघी विचारून राहिल्या की आम्ही पण जाऊन राहिलो, काय काय पाहायचं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

थोडक्यात सांगायचं तर बाँडाय बीच एकदा पाहा, फोटो काढा, स्टेटस टाका, झालं. पाण्यात मात्र ओशन पूलमध्येच उतरा.

ओशन पूल म्हणजे समुद्राला लागून खडकातच भिंत घालून केलेलं टाकं. लाटा भिंतीवरून आत येतात, पाणी आपोआप बदलत राहतं, म्हणजे पाणी समुद्राचंच, खारट, ताजं, कधीकधी बारके मासे पण असतात, पण हे पाणी तुम्हाला ओढून आत नेत नाही. आपल्यासारख्या ज्यांना पोहता येत नाही अन् कबूल करायची लाज वाटते त्यांच्यासाठीच जणू बनवलंय. सिडनीच्या किनाऱ्यावर असे भरपूर आहेत अन् बहुतेक फुकट.

बाँडायचं सांगते म्हणजे कळेल मी असं का म्हणते. आम्ही गेलो त्या दिवशी मस्त ऊन, वाळू अशी पांढरी की डोळे दिपतात. एका बाजूला लाटा धडाधड फुटत होत्या अन् मधेच एक पट्टा एकदम शांत, जरा गडद रंगाचा. आमचे हे म्हणाले, "चल, इकडं लाटाच नाहीत, इकडं उतरू." जावयानं दंडच धरला त्यांचा! तो शांत पट्टा म्हणजे रिप, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत समुद्रात जातं, लाटा फुटत नाहीत म्हणून शांत दिसतं अन् आपल्यासारखे अनाडी नेमके तिथेच उतरतात. बाँडायच्या दक्षिण टोकाच्या रिपचं तर नावच बॅकपॅकर्स रिप आहे, परदेशी पाहुणे तिथं इतके अडकतात. म्हणून लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं, अन् अडकलोच तर प्रवाहाच्या विरुद्ध हातपाय मारून दमायचं नाही, तरंगत राहायचं अन् हात वर करायचा. पिवळा शर्ट घातलेले पोट्टे-पोट्ट्या लक्ष ठेवून असतात, त्यांना फुल मार्क. पण खरं सांगू, हे सगळं ऐकल्यावर माझी पाण्यात जायची इच्छाच मेली. त्यात वाळूवर निळे फुगे पडलेले, ब्लूबॉटल म्हणतात, दिसायला खेळणं अन् शेपूट लागलं की विंचू चावल्यागत. ह्यांच्या पोटरीला नंतर दुसऱ्या एका बीचवर लागलंच. मी व्हिनेगर शोधून राहिली होती तर गार्ड म्हणाला की नाही, ह्यावर सोसवेल इतकं गरम पाणी, वीस मिनिटं. खरंच उतरलं.

मग लेकीनं एका शनिवारी मला कूजीला नेलं, मॅकायव्हर्स लेडीज बाथ्सला. बाप्पा! ह्या एका जागेसाठी मी परत विमानाचे तेवढे तास बसायला तयार आहे.

कड्याच्या खाली खडकात लपलेलं टाकं, फक्त बाया अन् लहान मुलं, पुरुषांना प्रवेशच नाही. १९२२ पासून बायांचीच एक संस्था ते चालवते. मधे तिकडं भेदभावाच्या कायद्यावरून प्रश्न आला होता की पुरुषांना बंदी कशी काय, तर १९९५ मध्ये सरकारनं ह्या टाक्याला खास सूट दिली. तिकीट अगदी किरकोळ, चहापेक्षा स्वस्त, तिकडच्या चहापेक्षा म्हणते मी. आत ऐंशीच्या आज्या, हिजाबवाल्या मुली, पोटुशी बाई, कॉलेजच्या पोरी, सगळ्या आपापल्या तंद्रीत. काही जणी वर काहीच न घालता उन्हात पडलेल्या, पहिल्या दिवशी मी चक्क आकाशाकडे पाहत चालली अन् पायरी चुकली. पण दहा मिनिटांत कळलं की इथं कोणीच कोणाकडं पाहून नाही राहिलं. मी लेगिंग अन् लांब बाह्यांचा टीशर्ट घालून उतरली, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो काढू देत नाहीत, म्हणून माझ्याकडं एकही फोटो नाही, कॉलनीत कोणाचा विश्वास बसत नाही.

एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा छातीपर्यंत समुद्रात उभी राहिली मी. टाक्याच्या काठाला धरून पाय वर उचलले तर खारट पाण्यात माणूस आपोआप जरा हलका होतो, पाचव्या खेपेला हात सोडले. पाच-सहा सेकंदं असतील, पण तरंगली! हे वर ग्रँट रिझर्व्ह नावाच्या पार्कातल्या बाकावर पिशव्या सांभाळत बसले होते, जन्मात पहिल्यांदा. तेवढ्याचे पण पैसे वसूल.

ह्यांची समजूत काढायला मग शेजारच्या वायलीज बाथ्सला गेलो, तिथं सगळ्यांना चालतं. लाकडी फळ्यांचा डेक, खाली पाणी, समोर अख्खा समुद्र. १९०७ मध्ये हेन्री वायली नावाच्या पोहणाऱ्यानं बांधलं, अन् त्याची लेक मिना वायली हिनं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला सिल्व्हर आणलं. बायांची पोहण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच झाली, गोल्ड पण सिडनीच्याच फॅनी ड्युरॅकचं. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "मग तू कधी आणतेस?" घ्या!

नातू सोबत असेल तर ब्राँटी बीच बेस्ट. पूल फुकट, अन् बाजूलाच बोगी होल म्हणून खडकांच्या गोलात अडलेलं उथळ पाणी, लेकरं तिथं तासन्‌तास बसतात. एकच ध्यानात ठेवा, ज्या दिवशी समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी कोणत्याच पूलच्या भिंतीवर उभं राहायचं नाही, लाट उचलून फेकते. क्लोव्हेली बीचला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा काठ आहे, समुद्राची चिंचोळी गल्लीच, तिथं निळा ग्रोपर दिसतो, चांगला पोत्याएवढा मासा. बाँडाय ते कूजी सहा किलोमीटरची पायवाट पण आहे, सुंदर आहे, पण पायऱ्या पायऱ्या पायऱ्या, आम्ही दोन टप्प्यांत केली.

पार्कचं काय सांगू, जिकडं तिकडं पार्क. पॅरामॅटा पार्क आमचा रोजचा होता, बोटॅनिक गार्डन १८१६ चं अन् फुकट, सेंटेनियल पार्क एवढं मोठं की ह्यांनी महाराजबागेशी तुलना करणं तिथंच सोडलं. पण माझा जीव जडला तो पार्कातल्या बार्बेक्यूवर. ओट्यात बसवलेला विजेचा तवा, बटण दाबा, तापला की भाजा, पैसे नाहीत, विचारायला कोणी नाही, फक्त जाताना पुसून ठेवायचं. आपल्या रोडग्याच्या पार्टीची आठवण आली मला, म्हटलं चला भरीत करू. नाही जमत! सपाट तवा, जाळ नाही, वांगं आतून शिजलं पण धुराचा वासच नाही, मग ते भरीत कसलं, वांग्याचा लगदा. थालीपीठं मात्र अशी खमंग झाली की शेजारच्या तव्यावरची बाई नवऱ्याचे सॉसेज सोडून आमच्याकडं पाहून राहिली, दोन दिले तिला. सोबत एक लांब चोचीचा पांढरा आयबिस पक्षी फिरत असतो, कचराकुंडीत तोंड घालणारा, डबा उघडा ठेवला की संपला.

ऊन! आपल्याला वाटतं छेचाळीस डिग्री पाहिलेल्या माणसाला अठ्ठावीसचं काय सांगता. चुकीचं. तिकडं तापमान कमी असलं तरी यूव्ही, म्हणजे उन्हातले कातडी जाळणारे किरण, डोक्यावर बसलेला असतो, ह्यांचे कान अन् टक्कल दुसऱ्याच दिवशी सोललं. मी आपली गाडीवर बांधतो तसा दुपट्टा बांधून हिंडली, काही झालं नाही. नागपूरच्या पोरींनी हे पेटंट घ्यायला पाहिजे.

जाण्यायेण्याचं सोपं आहे. पॅरामॅटाहून ट्रेन, सेंट्रल स्टेशनहून रँडविकची लाइट रेल (ट्रामच ती), पुढं बस. ट्रेन, बस, बोट सगळ्याला चालणारं ओपल कार्ड घ्या, शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची मर्यादा अर्धी असते, तेव्हाच लांबची ठिकाणं काढा. मॅनलीला जाणारी अर्ध्या तासाची फेरी बोट त्यातच बसते, तिकीट काढून करतात ती हार्बर क्रूझ करायची गरजच नाही. ज्येष्ठांची सवलत तिथल्याच लोकांना, आधार दाखवून काही होत नाही, मी विचारून पाहिलं. रविवारी कॅफेत बसू नका, वरून सुट्टीचा जास्तीचा चार्ज लावतात, एका ठिकाणी आम्हाला बिल आल्यावरच कळलं.

अन् हो, संत्रा बर्फी नेऊ नका. दुधाची मिठाई चालत नाही, मी तिथं उतरताना भरायच्या फॉर्मवर खरं लिहिलं म्हणून दंड नाही झाला, पण दोन किलो बर्फी डोळ्यादेखत गेली.

कधी जायचं? लोक एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हातून पळतात अन् तिकडं थंडीच्या तोंडावर पोचतात. फेब्रुवारीत जा, पाणी एप्रिलपर्यंत कोमट असतं. परत येताना मात्र तयारी ठेवा, आम्ही विमानातून उतरलो अन् चष्म्यावर वाफ आल्यासारखं झालं.

मार्क: बाँडायला तीन, वायलीजला चार, ब्राँटीला साडेचार, बार्बेक्यूला चार (भरिताचा एक कापला). मॅकायव्हर्सला पाचपैकी पावणेपाच. पाव त्या पायऱ्यांचा, गुडघ्याचा पट्टा सोबत ठेवा.