अनंत की कुंती? हॉलच्या खिडकीत ठेवायचं असेल तर

पाऊस सुरू झाला की नर्सरीत गर्दी होते आणि घरात वासाचं एखादं फुलझाड असावं असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. मला दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहायलोय. मी लातूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो, हॉलची खिडकी पूर्वेला, सकाळचं ऊन दोन-अडीच तास आणि मग दिवसभर नुसता उजेड. तुमचीही जागा साधारण अशीच असेल असं धरून बोलतो.

मोगरा आधीच बाजूला काढतो. त्याला पाच-सहा तास चांगलं ऊन लागतं, नाही मिळालं की पानं हिरवीगार आणि फूल एक नाही, त्यामुळे गच्ची असेल तर डोळे झाकून मोगरा घ्या पण घरात नको. रातराणीचा वास बंद खोलीत आमच्या आईला सोसत नाही, डोकं चढतं. उरले अनंत आणि कुंती, म्हणजे मधुकामिनी, नर्सरीवाले नुसतं कामिनी म्हणतात. हे दोन्ही मी चार वर्षं एकाच खिडकीत शेजारी-शेजारी ठेवलेत.

वासात अनंत पुढे आहे, यात वाद नाही. एक फूल उमललं की दार उघडल्याउघडल्या कळतं, पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र, तिसऱ्या दिवशी लोण्यासारखं पिवळसर, आणि तेव्हाही वास तसाच. कुंतीचं फूल लहान, पाच पाकळ्यांचं, वास हलका पण गोड. जालन्याकडं बहाराच्या वेळी मोसंबीच्या बागेत गेला असाल तर त्याच्या जवळचा वास, आणि ते साहजिक आहे, कुंती लिंबू-मोसंबीच्याच कुळातली.

आता माझा निर्णय ज्यानं झाला ते सांगतो. अनंताची कळी बघितलीय का तुम्ही? हिरवी, निमुळती, पीळ घातल्यासारखी, मिटलेल्या छत्रीसारखी दिसते. ती कितीतरी आठवडे तशीच राहते, रोज सकाळी चहा घेताना आपण बघतो, आज थोडी फुगली, आज टोकाला पांढरं दिसायला लागलं, आणि मग एक दिवस देठाकडून पिवळी पडते आणि फरशीवर टप्पकन पडलेली असते. एका मार्चमध्ये माझ्या झाडाला अकरा कळ्या होत्या, उमलल्या दोन. फार जीवाला लागतं हो ते.

कारण आपलं पाणी. अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो तोच पुरावा. त्यामुळे मातीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, उसावर केवडा पडतो ना तसंच. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल असं लोह, आणून दिलं, पानं सुधारली पण कळ्या गळायच्या थांबल्या नाहीत, कारण उन्हाळ्याची कोरडी हवाही कळीला सोसत नाही आणि कुंडी जरा फिरवली तरी रुसते. पावसाचं पाणी साठवून दिलं तेव्हा झाड खरंच छान होतं, पण ते पाणी दिवाळीपर्यंत पुरतं. आरओचं शुद्ध पाणी द्या म्हणतात लोक. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे, एक बादली आरओ काढताना दोन-तीन बादल्या वाया जातात, एका झाडासाठी माझा हात धजत नाही. आणि कृपा करून आरओचं वाया जाणारं पाणी अनंताला घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात, मी महिनाभर घातलं आणि एक फांदी गेली.

कुंती तेच बोअरचं पाणी पिऊन गुमान वाढते. तिचेही त्रास आहेत, नाही असं नाही. फूल दीड-दोन दिवसांचं, पाकळ्यांचा सडा पडतो, दोनदा झाडावं लागतं, आणि बारा महिने फुलत नाही, लाटेनं येते. पिठ्या ढेकूण लागतो, त्याला निंबोळी अर्क पुरतो. पण मोसंबीवाले बागेला ताण देतात तसं मी आठ-दहा दिवस पाणी तोडतो, पानं जराशी मलूल झाली की पोटभर पाणी देतो, आणि माझ्या अनुभवात तीन आठवड्यांच्या आत सगळं झाड पांढरं होतं. यंदा मेमध्ये बाहेर बेचाळीस डिग्री होतं, घरात कूलर चालू, तेव्हाही फुलली.

तुमच्याकडं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षाराचं असेल, किंवा पावसाच्या पाण्याची मोठी टाकी असेल, तर अनंत जरूर लावा, त्या वासाला तोड नाही. बाकीच्यांनी माझ्या मते कुंती घ्यावी. घेताना गुटीचं, म्हणजे फांदीलाच मुळ्या फोडून केलेलं झाड आहे का विचारा, बियाचं असलं तर फुलायला वर्षं जातात, आणि काळ्या मातीत आलं असेल तर घरी आणल्यावर हळूहळू वाळू आणि शेणखत मिसळून बदलून घ्या, नुसती काळी माती कुंडीत वाळली की भेगा पडून मुळ्या तुटतात.