१४४ हर्ट्झचा मॉनिटर, काही महिन्यांनंतर: चित्र सुरेख, पण बॅकलाइटचं भांडण अजून मिटलेलं नाही

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं, की बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, सेकंदाला २४० वेळा उघडझाप करत असला तरी माणसाच्या डोळ्याला ते कळूच शकत नाही, तेव्हा माझी तक्रार ग्राह्य धरता येत नाही. मला ते रोज संध्याकाळी दिसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रंग, पोर्ट, स्टँड यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. ते सगळं ठीक आहे, त्यात शिरत नाही.

आधी चांगलं सांगतो. जुना ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर धडधाकट असताना नवा घेणं माझ्या जिवावर आलं होतं. मी गेम खेळत नाही, माझं काम वाचनाचं. सुरुवातीचे काही आठवडे १४४ हर्ट्झ म्हणजे माझ्यासाठी निव्वळ वाया गेलेले पैसे असंच वाटत होतं. मग लांबच लांब मजकूर स्क्रोल करत तपासायचं काम आलं आणि मत पार बदललं. या पडद्यावर ओळी सरकत असतानाही वाचता येतात.

त्याचं कारण डोळ्याच्या चालीत आहे. मजकूर सरकू लागला की नजर त्याच्यासोबत सलग सरकते. पडद्यावरचं चित्र तसं सरकत नाही. ते एका जागी थांबतं आणि मग एकदम पुढच्या जागी उमटतं. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागचं हलत नाही. तेवढ्यात नजर पुढे गेलेली असते, त्यामुळे ते स्थिर चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर फासलं जातं. मजकूर सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगानं जात असेल, तर ६० हर्ट्झला अक्षर १६ पिक्सेल फासटतं, १४४ ला सातहून कमी. खोक्यावर ठळक छापलेल्या '१ मिलिसेकंद'चा, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळाचा, याच्याशी फारसा संबंध नाही. पिक्सेलनं तत्क्षणी रंग बदलला तरी हे फासटणं उरतंच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर हलतं चित्र स्वच्छ दिसायचं, कारण तिथे प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझायचा.

एका खरेदीदारानं तक्रार केली होती की बराच वेळ स्क्रोल करून थांबल्यावर पान आपोआप उलट्या दिशेनं सरकल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं, पण तो दोष मॉनिटरचा नाही. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका धबधब्याकडे एकटक पाहून मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली, तर खडक वर चढताना दिसला. मेंदूत एकेका दिशेची गती टिपणाऱ्या पेशी असतात. एकाच दिशेच्या पेशी बराच वेळ राबून मंदावल्या की उलट दिशेचं पारडं जड होतं. यासाठी मॉनिटर परत करू नका.

आता मूळ दुखणं. वॉरंटीत असतानाच पडद्याचा अर्धा भाग काळवंडला. बॅकलाइट आणि त्याचं सर्किट बदलून मिळालं, तक्रारीला जागा नाही असं वाटलं. पण त्या संध्याकाळी ब्राइटनेस कमी केला आणि काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं वाचताना, नजर एका ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेली की अक्षरांच्या ठिपक्याठिपक्यांच्या माळा उमटायला लागल्या. दुरुस्तीआधी असं कधीच होत नव्हतं. मूळ सर्किट विजेचा प्रवाह कमी करून प्रकाश मंद करत असणार. नवं सर्किट दिवे झपाट्यानं बंद-चालू करून मंद करतं, म्हणजे पीडब्ल्यूएम. खोक्यावर मात्र 'फ्लिकर-फ्री', म्हणजे लुकलुक नसलेला, असं छापलेलं आहे.

"डोळ्याला साठाच्या पुढे दिसत नाही," हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं. साठाच्या आसपासचा आकडा खरा आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. स्थिर नजरेनं बघितल्यास लुकलुकणारा दिवा साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या पुढे सलग वाटतो. त्यातही प्रकाश प्रखर असला तर ही मर्यादा वर जाते, आणि डोळ्याच्या कडेला लुकलुक अधिक जाणवते. गती दिसण्याचा हिशोब तर याहून निराळा. सिनेमाच्या २४ चित्रांत हालचाल छान दिसते, पण फिल्मचा प्रोजेक्टर तेच चित्र दोनदा किंवा तीनदा, म्हणजे सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा दाखवतो, नाहीतर पडदा लुकलुकेल. मानसशास्त्रज्ञ माक्स व्हेर्टहायमर यांनी १९१२ मध्येच दाखवलं होतं की दोन रेघा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतरानं पाळीपाळीनं दाखवल्या तर एकच रेघ सरकताना दिसते. डोळा फ्रेम मोजत बसत नाही, मग 'इतक्या फ्रेमपर्यंत दिसतं' या वाक्याला अर्थ काय?

आणि वाचताना नजर स्थिर नसते, ती उड्या मारते. मोठ्या उडीत तिचा वेग सेकंदाला ५०० अंशांपर्यंत सहज जातो. २४० हर्ट्झला दोन चमकांमध्ये चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ असतो, म्हणजे तेवढ्यात नजर दोन अंश पुढे गेलेली असते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी साधारण तेवढीच भरते. एरवी उडीदरम्यानचं फासटलेलं चित्र मेंदू दाबून टाकतो. आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, स्वतःचे डोळे हलताना दिसणार नाहीत. पण अंधारातला चमकता ठिपका सुटा सुटा उमटला की तो या दाबण्यातून निसटतो. काही गाड्यांच्या एलईडी टेललाइटची रात्री अशीच माळ दिसते. १००० हर्ट्झच्या पुढेही हा परिणाम दिसू शकतो. साठाचा नियम इथे लागूच होत नाही.

सर्व्हिसवाल्यांना मी पेन्सिल हलवून दाखवली. ब्राइटनेस कमी करायचा, पांढरं पान उघडायचं आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर डावी-उजवीकडे हलवायची. प्रकाश सलग असेल तर एकसंध पुसट पट्टा दिसतो, पीडब्ल्यूएम असेल तर वेगवेगळ्या पेन्सिली दिसतात. तंत्रज्ञाला त्या दिसल्या, त्यानं तसं मान्यही केलं. तरी कागदावर 'दोष आढळला नाही' असंच लिहिलं. याचा मला मनापासून राग आहे. दिसलेली गोष्ट नोंदवायला काय हरकत होती?

सध्या मी मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वर ठेवतो, कारण तिथे उघडझाप थांबते, आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमधून चित्र काळोखं करतो. माळा गेल्या, पण काळा रंग राखाडी झाला आणि दिवे पूर्ण ताकदीनं जळत असल्यामुळे वीज फुकट जाते. दिवा विनाकारण चालू दिसला तरी बंद करणाऱ्या माणसाला हे रोज बघणं जड जातं.

मूळ जातीचंच सर्किट बसवून द्या, अशी लेखी मागणी दिली आहे, उत्तर आलेलं नाही. तोवर पाचपैकी तीन तारे: १४४ हर्ट्झसाठी पूर्ण, दुरुस्तीसाठी शून्य. बॅकलाइट बदलून मिळाला असेल तर पेन्सिल हलवून बघितल्याशिवाय ताबापावतीवर सही करू नका.