४ स्टार, पाचवा स्टार फोन न उचलल्याबद्दल कापला

एवढा मोठा रिव्ह्यू मी कधी लिहीत नाही, पण लॅपटॉप रिपेअरच्या या दुकानाने माझी २० तारीख वाचवली म्हणून लिहितेय. मी घरून अकाउंट्सची कामं करते, डोंबिवलीला. जीएसटीआर-थ्रीबी (दर महिन्याचा जीएसटी रिटर्न) २० तारखेपर्यंत भरावा लागतो हे ज्यांना माहितीये त्यांना कळेल की १७ तारखेला शनिवारी संध्याकाळी लॅपटॉपवर अख्खा कप चहा सांडणं म्हणजे काय. आलं घातलेला, दूध साखरेचा, चांगला उकळलेला.

पहिल्या मिनिटाला मी सगळं बरोबर केलं. चार्जर ओढून काढला, पॉवर बटण दाबून धरून बंद केला, टेबलावर टॉवेल टाकून त्यावर लॅपटॉप उघडाच तंबूसारखा उलटा ठेवला, कीबोर्ड खाली, म्हणजे चहा आतल्या मदरबोर्डाकडे न जाता कीजमधून बाहेर निथळेल. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण धीर कुठाय, हेअर ड्रायर मारला, आणि दोन तासांनी "जरा बघू तरी" म्हणून चालू केला. झाला की चालू! मला काय आनंद. मग आपोआप एस एस एस एस टाईप व्हायला लागलं आणि पाचेक मिनिटांत स्क्रीन काळी, ती काळीच. मग सासूबाई म्हणाल्या तांदळाच्या डब्यात ठेव, म्हटलं आई, डब्यात मावत नाही, तर त्यांनी परातीत तांदूळ पसरून दिले. रविवारभर लॅपटॉप परातीत.

सोमवारी सकाळी आधी कंपनीच्या ऑथोराईज्ड सेंटरला गेले. दहा मिनिटांत उत्तर: लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलावा लागेल, ३४ हजार अधिक टॅक्स, आणि डेटाची जबाबदारी आमची नाही. (ॲक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा विकत घ्यावा लागतो, तो मी "मी कशाला काय सांडतेय" म्हणून घेतला नव्हता.) लॅपटॉप मुळात घेतलाय ५२ हजारांना. तशीच उठले आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं, लॅमिंग्टन रोडला.

दुकान जिन्यावरून वर, दोन टेबलं आणि एक पंखा. काउंटरवरच्या काकांनी काय झालं हे नंतर विचारलं, पहिला प्रश्न, "मॅडम, चालू करके देखा क्या?" मी मान खाली घातली. दुसरा प्रश्न, "चाय दूधवाली थी?" मग समजावलं की नुसतं सांडल्याने बोर्ड सहसा लगेच मरत नाही, ओल्या बोर्डात करंट गेला की मरतो, तिथेच गंज धरायला लागतो आणि शॉर्ट होतो. तांदळाने काही होत नाही, तांदूळ चिपच्या खालचा चहा ओढून घेत नाही, आणि पाणी सुकलं तरी साखर दूध तिथेच चिकटून राहतं. ड्रायरने उलट ते आणखी आत ढकललं जातं.

सगळ्यात आधी त्यांनी एसएसडी (सगळा डेटा जिच्यात असतो ती) काढून एका केसमध्ये घालून त्यांच्या कॉम्प्युटरला लावली, तर बिटलॉकरची (डेटाला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) ४८ आकडी की मागितली. माझे हातपाय गार. मी आयुष्यात कधी बिटलॉकर लावलं नव्हतं, तर म्हणे हल्ली बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये गेले, तिथे ती की सेव्ह होती. टॅलीचा (अकाउंट्सचं सॉफ्टवेअर) अख्खा डेटा पेनड्राईव्हवर घेऊन त्याच रात्री नवऱ्याच्या लॅपटॉपवर बसले, २० ला दुपारी सगळे रिटर्न गेले.

बोर्ड मात्र समोर उघडून दाखवला, हे मला फार आवडलं. मायक्रोस्कोपखाली चार्जिंगच्या भागात हिरवट पांढरं बुरशीसारखं दिसत होतं, दोन दिवसांत! मल्टीमीटरवर शॉर्ट दाखवत होतं पण नक्की कुठे ते कळेना, तर दुकानातल्या एका पोराने बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलं आणि सप्लायमधून थोडा करंट सोडला. शॉर्ट असलेला पार्ट तापतो, म्हणून अल्कोहोल तिथेच सगळ्यात आधी उडतं. खरंच, एका तिळाएवढ्या कपॅसिटरभोवतीची जागा डोळ्यासमोर कोरडी झाली. ३४ हजारांचा बोर्ड म्हणे, आणि गेलेला हा तीळ. मग बोर्ड धुवायला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुवायला असतं तसलंच पण मोठं.

एकूण ६२०० घेतले, त्यात नवा कीबोर्ड. तो प्लॅस्टिकच्या रिव्हेटनी वरच्या बॉडीला चिकटवलेला असतो म्हणे, ते एकेक वितळवून काढावे लागतात म्हणून मजुरी जास्त. जुना कीबोर्ड आणि तो कपॅसिटरसुद्धा पुडीत बांधून परत दिला. गॅरंटी फक्त एक महिन्याची, आणि ते आधीच स्पष्ट सांगितलं की चहाचं काम आहे, नंतर कुठे गंज निघाला तर सांगता येत नाही.

आता तक्रारी. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात, उत्तर नाही. नवीन कीबोर्डला बॅकलाईट नाही, जुन्याला होता, हे लावायच्या आधी विचारायला हवं होतं की नाही? आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मी दोनदा मागितलं, माझ्या धंद्यात बिल न घेऊन कसं चालेल.

दीड महिना झाला, नीट चालतोय, फक्त गरम झाला की अजून किंचित आल्याचा वास येतो. रविवारी जाऊ नका, बंद असतं. आणि चार्जर न विसरता न्या, तोही चेक करतात, मी विसरले होते तर दुसऱ्या दिवशी परत डोंबिवलीहून ग्रँट रोड करावं लागलं.